चौकटीबाहेरचा वारा

टीव्हीच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्या चौकटीत हातवारे करणारी बाई म्हणजे मी. ज्यांना ऐकू येतं, त्यांच्या लेखी मी नकाशावर बसलेली माशी. मला त्याचं काही वाटत नाही, कारण मी त्यांच्यासाठी तिथे उभीच नसते. दर रविवारी संध्याकाळी ढगोबा येत्या आठवड्याचा विभागीय हवामान अंदाज बोलून सांगतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मी तोच खुणांच्या भाषेत सांगते. ढगोबा म्हणजे आमचे हवामानवाले. आधी पोट आत येतं, मग सूट, मग ते स्वतः. पण माणूस गुणी.

माझी थोरली बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. ताई रंगारी आहे, उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवते. तिच्यासारख्याच ऐकू न येणाऱ्या दोन मैत्रिणींबरोबर मिळून ती कामं घेते. पानगळीचे दिवस म्हणजे त्यांच्या घाईचे दिवस. थंडी पडायच्या आत, रंग वाळण्याइतकं ऊन आहे तोवर सगळं उरकायचं असतं. रविवारचा अंदाज बघून तिघी ठरवतात, बांबूच्या परांचीवर कधी चढायचं आणि कधी खाली बसून कठडे घासायचे.

आमच्या भाषेत वारा हातांनी सांगतात. झुळूक असली की हात छातीजवळ हलतात. सोसाट्याचा वारा असला की दोन्ही हात खांद्यापासून सुटतात आणि लांब जातात. हे लहान पोरालाही कळतं. नव्या प्रोड्युसरला मात्र कळलं नाही. दिसेल ते छाटत सुटतो म्हणून आम्ही त्याचं नाव कात्रीसाहेब ठेवलंय. आल्या आल्या त्याने नकाशा मोठा केला, त्याच्या खाली छत्रीची जाहिरात घातली आणि माझी चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी केली. त्यात माझा चेहरा वाटाण्याएवढा दिसायचा.

मग एका रविवारी मी सांगितलं की गुरुवारी सोसाट्याचा वारा आहे. चांगले हात फाकवून सांगितलं. ते हात चौकटीबाहेर गेले आणि आत उरली ती नुसती कोपरांची हालचाल. गुरुवारी ताई पाचव्या मजल्यावर चढली. दुपारी परांची हलायला लागली, रंगाचा डबा उडून गेला, आणि वारा पडेपर्यंत ताई एका पाइपला मिठी मारून बसली होती.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली ती धुमसतच. नखांत पांढरा रंग, कोपर सोललेलं.

"तू झुळूक म्हणालीस," तिने खुणेने सांगितलं.

"नाही म्हणाले."

तिने मोबाईलवर तो अंदाज लावून माझ्यासमोर धरला. मी पाहिलं. झुळूकच दिसत होती. मला असा संताप आला की काय सांगू.

"यापुढे तुला मी दर रविवारी वेगळं सांगत जाईन," मी म्हटलं.

ताईचे हात एकदम उसळले. "मला एकटीला? घरची म्हणून? आणि बाकीच्यांनी काय करायचं? ज्यांची बहीण टीव्हीत नाही त्यांनी वरून पडायचं का?"

दुसऱ्या दिवशी चौकट मोठी करून मागायला कात्रीसाहेबाच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

"मॅडम, खाली पट्टी धावते की," तो म्हणाला. "सगळं लिहिलेलं असतं तिच्यात."

"पट्टी धावते, वाचणारा धावत नाही. माझ्या ताईला शाळेत सगळी वर्षं ओठ हलवून बोलायला शिकवलं, धड वाचायला कोणी शिकवलंच नाही."

"ती जागा आता छत्रीवाल्यांना दिलीय. तुम्हीच जरा आवरून हात हलवा ना."

"वारा आवरून वाहणार आहे का?"

तो हसला. मला वाटतं, मी विनोद केला असा त्याचा समज झाला.

रविवार आला. अंदाजाचा कागद हातात पडला: सोमवार कोरडा, मंगळवारी दुपारपासून सोसाट्याचा वारा, मग रात्री गार होत जाणार. मी नेहमीच्या जागी, स्टुडिओच्या कडेला, निळ्या कापडासमोर उभी राहिले. कानात कात्रीसाहेबाच्या सूचना ऐकायचं इअरफोनचं बोंडुक होतं. ढगोबांनी सोमवार संपवला. "मंगळवारी मात्र," ते म्हणाले, आणि मी कापड सोडून चालायला लागले.

"कुठे चाललात? मॅडम! मागे फिरा!" कानात ओरडा सुरू झाला.

मी बोंडुक काढून खिशात टाकलं. काचेपलीकडे त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि माझ्यापर्यंत काहीही येत नव्हतं. फार बरं वाटलं. पडद्यावर दाखवायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं; एका कॅमेऱ्यात नकाशा आणि दुसऱ्यात रिकामं कापड. मी नकाशासमोर जाऊन उभी राहिले. ढगोबांनी माझ्याकडे पाहिलं, पोट आत घेतलं आणि ते दोन पावलं बाजूला सरकले.

"या, मॅडम," ते म्हणाले, भर प्रसारणात. "तर मंगळवारी सोसाट्याचा वारा."

मी हात सोडले. खांद्यापासून, पूर्ण. असा वारा मी जन्मात सांगितला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर कात्रीसाहेब लालबुंद होऊन आला. मंगळवारी दुपारी या, खुलासा द्या, तोवर स्टुडिओत पाऊल ठेवायचं नाही. नोकरी जाणार हे मला दिसत होतं, आणि भीती वाटत होती. वाटली म्हणून काय झालं?

मंगळवारी मी पोचले तेव्हा दरवाजाच्या काचेवर पाचोळा आपटत होता. आत, स्वागतकक्षात, ताई आधीच येऊन बसलेली. रंगाचे कपडे, पायांत कामाचे बूट. मी तिला बोलावलं नव्हतं.

कात्रीसाहेब खाली आला. ताई उठली आणि तिने मला खूण केली: आवाज दे.

दुभाषाचा एक नियम असतो. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, आणि एकही शब्द गाळायचा नाही.

"यांना सांगा, आम्ही त्यांच्या भावना समजू शकतो," तो मला म्हणाला.

"तिलाच सांगा. मी इथे फक्त आवाज आहे."

ताईचे हात सुरू झाले आणि मी बोलत गेले. "भावनांचं राहू द्या. त्या गुरुवारी मी पाचव्या मजल्यावर पाइपला धरून होते. तुमच्या छत्रीमागे वारा लपला होता, तो मला दिसला नाही. परवाही तो दिसला नसता, तर आज पुन्हा मी तिथेच असते. मघाशी परांचीची जाळी फाटून शेजारच्या झाडावर जाऊन पडली. मी खाली उभी राहून बघत होते." इथे माझा आवाज चिरकला, पण हात थांबले नव्हते, म्हणून मीही थांबले नाही. "खाली होते, कारण माझी बहीण नकाशासमोर येऊन उभी राहिली. तिला काढायचं असेल तर आधी मला सांगा, उद्यापासून मी कुणाकडे बघून चढू? आणि तुमचं डोकं माझ्या रिकाम्या डब्यासारखं आहे."

स्वागतकक्षातली मुलगी फिसकन हसली. मी काय करणार? नियम म्हणजे नियम.

बाहेर काहीतरी मोठ्याने कोसळलं, कात्रीसाहेब दचकला, ताई दचकली नाही. मग पहिल्यांदाच तो माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून बोलला. "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

ताईने हवेत बोटांनी चौकट काढली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, डोक्यापासून कमरेपर्यंत.

"एवढी नाही जमणार," तो म्हणाला. "नकाशा झाकला जाईल."

मी ते तिला सांगितलं. ताई एक पाऊल मागे सरली, टाचा उंचावून तिने हात जातील तेवढे वर नेले आणि दुसरी चौकट काढली, दारापेक्षा मोठी.

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला थांबवलं.

"कळलं," तो तिला म्हणाला.