सातवं कारण

पंपांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं माल तपासते. नग नापास केला की तक्त्यात कारण लिहावं लागतं: भेग, चुकीचं माप, जे असेल ते. ‘माहीत नाही’ लिहिणाऱ्याचा तक्ता मी परत पाठवते. माझ्या माघारी मला ‘खडूस बाई’ म्हणतात, आणि ते खोटं नाही.

डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हाही मी डॉक्टरीणबाईंना आधी तेच विचारलं. कशामुळे? त्या म्हणाल्या, वय असतं, कधी घराण्यात असतं. तुमच्या बाबतीत मात्र अमुक एका कारणावर बोट ठेवता येत नाही. गाठ लहान आहे, सोमवारी ऑपरेशन करू. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. एवढ्या शिकलेल्या बाईने हात वर करावेत?

घरी मात्र कारणांना तोटा नव्हता. जाऊबाईंच्या मते प्लॅस्टिकचे डबे, भावाच्या मते माझा तापट स्वभाव. नवऱ्याने सिगारेटचं पाकीट गुपचूप कचऱ्यात टाकलं. रिपोर्टच्या मागे मी यादीच केली. नऊ कारणं झाली. डॉक्टरीणबाईंना फोन करकरून एकेक खोडत गेले. सातवं तेवढं विचारलंही नाही आणि खोडलंही नाही: ‘लेकीची काळजी’. दोन वर्षांपूर्वी ती चांगली नोकरी सोडून, आमच्याशी भांडून परगावी राहायला गेली, तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

बातमी कळताच ती आली. शनिवारी दुपारी टेबलाशी बसून हॉस्पिटलची फाइल लावत होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बराच वेळ कागदांचा आवाज आला नाही म्हणून डोकावले, तर रिपोर्ट तिच्या हातात होता, यादीची बाजू वर.

“आई, माझ्यामुळे झालं का?”

काळजीने गाठ होत नसते, हे मी तिला दोनदा सांगितलं, एरवी कामगारांना सांगते तशा ठणठणीत आवाजात. तिची नजर सातव्या ओळीवरून हलेना. मग खरं बोलणं भाग पडलं.

“नाही गं. मला कुणावर तरी राग काढायचा होता. तो काय, आपल्या माणसावरच निघतो.”

ती रडायला लागली. मीही रडले, रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच.

“मग काढ ना,” ती नाक पुसत म्हणाली. “अजून तीस वर्षं काढ. मी ऐकून घेईन.”

मी तिला जवळ घेतलं, उजव्या कुशीत. तपासणीची सुई घातलेली डावी बाजू अजून दुखत होती.