पुढच्या शनिवारी

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण या हातांनी मी डब्लिनमध्ये डबलडेकर चालवली आहे,” मी म्हणालो आणि वरणाचं पातेलं हरीशरावांकडे सरकवलं.

उद्या माझं परतीचं विमान. म्हणून सूनबाईनं, सानिकानं, शेजारच्या यामिनीला आणि तिच्या वडिलांना जेवायला बोलावलं होतं. हरीशरावही माझ्यासारखेच पोरांकडे आलेले. पण त्यांना जावयानं किल्ला, संग्रहालयं, समुद्र, सगळं फिरवून आणलेलं. पानावर बसल्यापासून त्यांचं एकच टुमणं, “पुरुषोत्तमराव, रोहितनं तुम्हाला काय काय दाखवलं?”

रोहितनं मला सँडीफोर्डचं ट्रामस्टेशन दाखवलं होतं. बाल्कनीतून. “बाकीचं डब्लिन पुढच्या शनिवारी, बाबा. ग्रँड?” ‘ठीक आहे’ला इथं ‘ग्रँड’ म्हणतात. शनिवार यायचा, लॅपटॉप उघडायचा.

“तर काय,” मी म्हणालो, “बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसलो होतो. उतरायला खाली आलो, तर जो तो ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हणून उतरतोय. शाळेतली पोरंसुद्धा. माझा जन्म एसटीत गेला हो, सातारा-महाबळेश्वर. घाट चढवून सुखरूप नेलं तरी लोक दार आपटून जायचे. माझा पायच निघेना. ड्रायव्हर म्हणाला, काय झालं? म्हटलं, बाबा रे, मीपण तुझ्याच धंद्यातला. तो उठला, म्हणाला, मग बसा की.”

“आणि लायसन, काका?” यामिनीनं विचारलं.

“पोलीस आला होता ना बघायला. वळण घेतलेलं बघितलं आणि सलाम ठोकून गेला. नदीकाठानं अशी काढली गाडी, की पुलाच्या कठड्यावरचे पक्षी बाजूला सरकून बसले. शेवटच्या स्टॉपला सगळी बस मला थँक्यू म्हणून उतरली.”

हरीशरावांना हसून हसून ठसका लागला. पाणी प्याले, डोळे पुसले. “मानलं बुवा. आमच्या जावयाला नाही हे जमलं.” मग भाताचा घास कालवत हळूच म्हणाले, “पण चिरंजीव कुठं होते तेव्हा?”

टेबलाच्या टोकाला रोहित डाव्या हातानं फोनवर काहीतरी टाइप करत होता.

“शेजारीच. दुसरीकडे कुठं जाणार? सुट्टी काढली होती त्यानं माझ्यासाठी. दिवसभर हात सोडला नाही माझा. पुलावर वारा लागायला लागला, तर स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात गुंडाळला.”

तूप वाढता वाढता सानिका थांबली.

आपलं नाव निघालंय हे रोहितला तेवढ्यात कळलं. त्यानं मान वर केली आणि सगळ्यांबरोबर हसायचं म्हणून हसला.

“काहीही काय, बाबा? मी कुठे आलो होतो? मंगळवारी एकटेच तर गेला होतात तुम्ही.”