चिमटा लावलेली नळी

मी एक नळी बोलतेय. रबराची, बोटाएवढी जाड. माझं काम ऐकून नाक मुरडाल, मुरडा. मला सवय आहे.

शिंपीमास्तरांच्या आतड्यातली गाठ काढून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही टोकं जोडली. जोड भरून येईपर्यंत त्यावर ताण नको. त्यासाठी एक तर पोटावर भोक पाडून पिशवी लावायची, नाहीतर मला खालून, शौचाच्या वाटेनं आत, जोडाच्या पलीकडे बसवायचं. वायू, मळ, सगळं माझ्यातून खाटेला लटकवलेल्या पिशवीत. पाच दिवस.

"पोटावर पिशवी नको," मास्तरांनी आधीच बजावलं होतं. "मुलीचं लग्न ठरलंय. चार लोकांत वास आला तर?"

"मग नळी सांभाळा. बंद करायची नाही, ओढायची नाही."

"कळलं. पक्की टीप पडेपर्यंतचा धावदोरा," मास्तर हसले. तेव्हा मला माणूस आवडला होता.

तीन दिवस मी इमानेइतबारे वाहिले. चौथ्या दुपारी निरोप आला, व्याही आणि विहीणबाई भेटायला येताहेत.

"अगं, ती घाण झाक आधी," मास्तर बायकोला म्हणाले.

"अहो, पण डॉक्टरीणबाईंनी..."

"तासाभरात काय आभाळ कोसळतंय?"

काकूंनी मला चिमटा लावला, पिशवी खाटेखाली ढकलली आणि मला चादरीखाली कोंबलं. घाण म्हणजे मी!

विहीणबाई सहज बोलून गेल्या, "आमच्या सासऱ्यांना दोन वर्षं पोटावर पिशवी होती. सगळीकडे हिंडायचे. त्यात लाजायचं काय?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. "मला नाही हो तसलं काही लागलं."

अहो, तेव्हा तरी चादर बाजूला करायची! पण आता कोणत्या तोंडानं सांगणार?

तासाचे तीन तास झाले. आत वायू कोंडला, पोट ताणलं. मला सगळं कळत होतं, पण गळा आवळलेला. पाहुणे गेले आणि 'बरं झालं, काही दिसलं नाही' या आनंदात नवराबायको मला साफ विसरले. संध्याकाळी सिस्टरनं विचारलं, "नळी वाहतेय ना?" मास्तर म्हणाले, "हो हो."

सकाळी अंगात ताप, पोट लाकडासारखं. सिस्टरनं चादर उचलली.

"हा चिमटा कुणी लावला?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं भिंतीकडे.

जोड सुटला होता. पुन्हा पोट उघडायचं आणि आता पिशवी लावायचीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं नीट केलं तरी कधीकधी जोड सुटतो. त्या मोठ्या मनाच्या. मी नाही.

मला काढून कोपऱ्यातल्या पिवळ्या डब्यात टाकलं. इथून जाळायला नेतील. तुमच्या घरी कुणाला माझ्यासारखी लागलीच, तर खुशाल लाज वाटू द्या, पण गळा आवळू नका.

मास्तरांना ट्रॉलीवर घेतलं. डब्याजवळून जाताना ते हळूच म्हणाले, "विहीणबाईंनी विचारलं तर सांग, नळीच खराब निघाली."

काकू म्हणाल्या, "बरं."