खोडलेली तीन वाक्यं

बाबांच्या कादंबऱ्यांची प्रुफं तपासायचं काम लेकीचं. छापखान्यात तिला सगळे ‘कात्रीबाई’ म्हणत. फालतू वाक्य दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. बाबा तेवढे सहीसलामत सुटत. पहिल्या प्रकरणात त्यांनी सहज म्हणून ठेवलेलं शेवटच्या प्रकरणात बरोब्बर कामाला यायचं.

या खेपेला मात्र तिचं डोकं चक्रावलं. नायक घड्याळजी. चौथ्या पानावर तो जिन्याच्या पायऱ्या मोजतो. नवव्यावर पाणी ओतताना पेल्यात बोट धरतो. बाराव्यावर खुर्च्या भिंतीला सरकवतो. पुढे त्याचं काय? काहीच नाही! शेवटचं प्रकरण तेवढं यायचं होतं, आणि एका प्रकरणात कायकाय निस्तरणार? बाबा थकले, धागे हातून सुटायला लागले, असं वाटून तिला भडभडून आलं. लोकांनी हसू नये म्हणून तिने तिन्ही वाक्यं खोडली.

दुपारी ती शेवटचं प्रकरण आणायला घरी गेली. सगळ्या खुर्च्या भिंतीला लागलेल्या.

“हे काय, बाबा? पाहुणे यायचेत का?”

“मोकळं बरं वाटतं गं. बस, पाणी देतो.”

त्यांनी पेल्यात बोट धरलं आणि ते भिजल्यावर ओतायचे थांबले.

हे आपण कुठेतरी वाचलंय, असं तिला वाटलं. कुठे ते आठवेना. आठवलं तेव्हा खरं वाटेना.

“बाबा, घड्याळजीला दिसत नाही?”

“कमी होत चाललंय त्याला. आणि मलाही. डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर.” ते खाली बघत म्हणाले, “तोंडाने सांगवेना. म्हटलं, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.”

“मी ती वाक्यं खोडली, बाबा. मला वाटलं, तुमचंच चुकलं.”

बाबांनी शेवटच्या प्रकरणाचे कागद पुढे केले. ओळीवर ओळ चढलेली. एक अक्षर लागेना. तिला रडू आवरेना.

मग तिने पिशवीतून प्रुफं काढली आणि तिन्ही वाक्यांखाली टिंबं दिली. टिंबं म्हणजे खोडलं असलं तरी राहू द्या. कोरा कागद ओढून ती म्हणाली, “सांगा, मी लिहिते.”

“घड्याळजी जिना उतरतो. आज पायऱ्या मोजत नाही. सोबत लेक आहे.”

“त्याला लेक कधी होती?”

“दुसऱ्या पानावर,” बाबा म्हणाले. “का, तीही खोडलीस?”