पितळेची पट्टी

वर्कशॉपमधल्या लोकांचे मामा हे आधी सगळ्यांचे काका होते. चार वर्षांपूर्वी त्यांची सख्खी भाची त्याच संस्थेत इंजिनिअर म्हणून लागली आणि पहिल्याच दिवशी भर कँटीनमध्ये "मामा, इकडे या की" म्हणून हाक मारून बसली. झालं! शिपायापासून संचालक बाईंपर्यंत सगळ्यांचे ते मामा झाले. भाचीने जीभ चावली, पण हाक काही परत घेता येत नाही.

संस्थेचं काम दुर्बिणीचं. दुर्बीण तीन तासांवरच्या डोंगरावर, आणि तिला लागणारे कॅमेरे बनवायचं वर्कशॉप खाली शहरात. दुर्बिणीच्या मागच्या बाजूला एक जाडजूड पोलादी कडं आहे, मोठ्या परातीएवढं. कॅमेरा त्याच्यावर बसवतात. वर्कशॉपच्या भाषेत ते 'तोंड'. तसंच दुसरं कडं खाली वर्कशॉपमध्ये एका घोडीवर बसवलेलं आहे, ते 'खोटं तोंड'. नवीन कॅमेरा आधी महिनाभर खोट्या तोंडावर बसवून तपासायचा, मग वर न्यायचा. दोन्ही तोंडं मामांनीच सव्वीस वर्षांपूर्वी लेथवर कातलेली.

मामांचा रुबाब काय विचारता! त्यांच्या हातचं काम एकदाही परत आलं नव्हतं, आणि ही गोष्ट लोकांनी विसरू नये याची ते स्वतःच काळजी घेत. नवा फिटर आला की त्याला पहिल्या दिवशी पाढा ऐकावा लागे: मोजा, पुन्हा मोजा, आणि लिहून ठेवा. भाचीने तर हा पाढा लहानपणीच पाठ केला होता. शाळेतल्या पट्टीने पेन्सिल मोजायला मामांनीच शिकवलं होतं तिला.

त्यांचं एक खूळ मात्र होतं. दुर्बिणीवरून कॅमेरा उतरवायचा असला की मामा स्वतः वर जायचे, कॅमेरा बाजूला झाला की सगळ्यांना चहाला पिटाळायचे आणि तोंड एकट्याने पुसायचे. दुसऱ्या कुणी फडकं पुढे केलं तर अंगावर यायचे. म्हातारपणी असं व्हायचंच, म्हणून लोक सोडून द्यायचे.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मामांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. ते वरचं तोंड कातताना शेवटच्या दिवशी त्याची पकड सैल राहिली आणि एका बाजूने जास्त खरवडलं गेलं. किती? मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले बारा. तुम्हाआम्हाला हसू येईल, पण दुर्बिणीला एवढ्याचंही पडलेलं असतं. नवं कडं ओतून घ्यायला वेळ नव्हता, दुर्बीण सुरू व्हायची तारीख ठरलेली. मामांनी तेवढ्याच जाडीची पितळेची पट्टी कापली, खोलगट बाजूला वार्निशने चिकटवली, आणि कॅमेरा तिच्यावर असा सरळ बसला की मोठमोठ्या लोकांनी पाठ थोपटली. पहिले दोन महिने मामा सांगू सांगू म्हणत राहिले. मग दोन वर्षं गेली. मग सांगण्यासारखं त्यात काही नाहीच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. तोंडाच्या कागदावरच्या नकाशात ते सपाट होतं ते सपाटच राहिलं.

आता नवा कॅमेरा आला होता, आणि तो भाचीचा होता. म्हणजे मुख्य तीच, हाताखाली नऊ माणसं, आणि आयुष्यातली चार वर्षं त्यात घातलेली. जुन्या कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती पोस्टाच्या तिकिटाएवढी, नव्यातली चांगली वहीच्या पानाएवढी. आकाशाचा मोठा तुकडा एका दमात टिपायचा तर काठाकाठापर्यंत सगळं नेमकं हवं. खोट्या तोंडावर ते तसं आलंही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येक ठिपका सुईच्या टोकासारखा. भाची त्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत रडली आणि मामांनी उगाच एक पाना शोधायला घेतला.

पुढे नशिबाने खोडी काढली. जुना कॅमेरा उतरवायचा आठवडा आणि मामांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आठवडा एकच आला. मामांनी ऑपरेशन पुढे ढकलायची खटपट केली. पण मामी ठाम होत्या. दुर्बिणीच्या डोळ्याला बघायला पन्नास माणसं आहेत, तुमच्या डोळ्यांना मी एकटीच आहे, असं म्हणून त्यांनी पिशवी भरली. वर गेलेल्या दोन फिटरांनी कॅमेरा उतरवला आणि स्पिरिट लावून तोंड लख्ख पुसलं. एका बाजूला पितळेचा जुनाट तुकडा चिकटलेला दिसला. नकाशात असलं काही नव्हतं. त्यांनी तो खरवडून कचऱ्यात टाकला. त्यांचं काही चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

नवा कॅमेरा चढला. पहिली चित्रं आली. बाकी सगळीकडे तारे गोल, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र तांदळाच्या दाण्यासारखे लांबुळके. कॅमेरा फिरवून बसवून बघावं तर तो एका खुंटीवर एकाच स्थितीत बसणारा. खाली सगळं ठीक होतं, वर बिघडलं, म्हणजे वाटेत काहीतरी हललं, हा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. भिंगं बसवलेल्या स्थितीतच ट्रकने न्यायची, हा निर्णय भाचीचा होता. मग काय, 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणणारी मंडळी बिळातून बाहेर आली. तीन आठवडे तपास चालला. शुक्रवारी सकाळी बैठक ठरली. तिथे भिंगं उघडून कारखान्याकडे परत पाठवायचं नक्की होणार होतं, म्हणजे आठ महिने गेले, आणि तोपर्यंत कॅमेरा दुसऱ्या गटाकडे. भाचीकडे तो पुन्हा येणार नाही हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं.

मामा मंगळवारी कामावर रुजू झाले. चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, कोपरा कुठला म्हणे? खालचा डावा, असं फिटर म्हणाला. तोंड पुसलं कुणी, हे त्यांनी विचारलं तेव्हा फिटरने कौतुकाच्या अपेक्षेने सगळं सांगितलं, पितळेच्या तुकड्यासकट. मामांनी चहा तसाच ठेवला.

तेव्हाच उठून भाचीच्या टेबलाशी जायला हवं होतं. तिचं टेबल तीस पावलांवर होतं. मामा गेले नाहीत. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नवी पट्टी कापली, मोजली, पुन्हा मोजली, आणि डोळ्यांच्या औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळून खिशात ठेवली. काहीतरी निमित्त काढून वर जायचं, पट्टी सरकवायची, चित्र सुधारेल, पोरगी सुटेल, आणि आपलंही झाकलेलं झाकलेलंच राहील. बेत झकास होता. फक्त कॅमेऱ्याचं वजन चारशे किलो होतं आणि तो उतरवायला क्रेन आणि चार माणसं लागत होती. घाबरलेल्या माणसाला एवढं गणित सुचत नाही.

त्याच संध्याकाळी भाची त्यांच्यापाशी येऊन बसली. डोळ्यांखाली काळं आलेलं. काही सुचतंय का, असं तिने विचारलं. आणि मामा म्हणाले, तिसरं भिंग परत एकदा तपासून बघ. हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली, पण ते मागे घेतलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मामी डोळ्यांत थेंब घालत होत्या. मामा सारखे डोळे मिटत होते. चौथा थेंब गालावरून ओघळल्यावर मामींनी बाटली खाली ठेवली. तीन दिवस मिठाची गुळणी धरून बसलात, काय असेल ते ज्याचं त्याला सांगून मोकळे व्हा, माझे थेंब फुकट घालवू नका, असं त्या म्हणाल्या. मामा ऑफिसचं काम आहे म्हणाले. मामी म्हणाल्या, तेच म्हणतेय मी.

शुक्रवारी बैठकीला चौदा माणसं होती. मामांना खरं तर बोलावणं नव्हतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर टेकले, वर्कशॉपकडून कुणी असलेलं बरं म्हणून. संचालक बाई नेमस्त स्वभावाच्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी तपासणीची यादी भिंतीवरच्या पडद्यावर लावली आणि एकेक ओळ वाचत गेल्या. एकोणिसाव्या ओळीला थांबल्या. 'दुर्बिणीचं तोंड प्रत्यक्ष मोजणे' ही ती ओळ. तिच्यावर काट मारलेली होती आणि शेजारी भाचीच्या अक्षरात दोन शब्द होते: मामांचं काम.

बाईंनी विचारलं, हे का गाळलं?

"ते मामांनी केलंय," भाची म्हणाली. "ते मोजायची गरज नव्हती. चूक भिंगातच आहे, आणि ती माझी आहे. मी तसं लिहून दिलंय."

तिने हे काही बचाव म्हणून सांगितलं नव्हतं. आज शुक्रवार आहे इतक्या साधेपणाने सांगितलं. मामांना वाटलं, हिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, पुढे गेले, आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"भिंगाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "तोंड एका बाजूला बसकं आहे. माझ्याच हातून झालंय, सव्वीस वर्षांपूर्वी. कॅमेऱ्याखाली अशी पट्टी होती. ती निघाली."

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी मामांची बाजू घेऊन, इतक्या वर्षांपूर्वीचं ते, विसरले असतील, अशी सारवासारव करू लागला. मामा म्हणाले, विसरलो नव्हतो. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि गाडी सांगितली. भिंगं उघडायचा निर्णय मोजमाप होईपर्यंत थांबला.

गाडीत मागच्या सीटवर दोघं शेजारी बसले होते. पुढे ड्रायव्हर आणि फिटर. घरी भाची मामांना अरेतुरे करायची, ऑफिसात अहोजाहो. तासाभराने ती खिडकीकडून वळून हळूच म्हणाली,

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

मामा हो म्हणाले.

"बुधवारी मी तुमच्यापाशी आले होते, मामा. तुम्ही मला भिंग तपासायला सांगितलंत. मी रात्रभर तपासलं."

मामा चुकलो म्हणाले, ते ड्रायव्हरलाही ऐकू गेलं असावं, कारण त्याने उगाचच गाडीचा वेग कमी केला. भाची पुन्हा खिडकीकडे वळली. तिने डोळे पुसले की नुसता चष्मा, हे मामांना नीट दिसलं नाही.

वर चौघांनी मिळून क्रेनने कॅमेरा उतरवला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तोंड उघडं पडलं. यावेळी मामांनी कुणालाही चहाला पाठवलं नाही. सवयीने त्यांनी मोजायचं यंत्र हातात घेतलं, तसा भाचीने हात पुढे केला. मागितलं नाही, नुसता हात पुढे केला. मामांनी यंत्र तिच्या हातात दिलं आणि स्वतः बॅटरी धरून उभे राहिले.

ती कड्याभोवती बोटाबोटाच्या अंतरावर यंत्र टेकवत गेली. प्रत्येक आकडा मोठ्याने सांगायची आणि फिटर वहीत लिहायचा. वरची बाजू शून्य, उजवी शून्य. खालून डावीकडे वळताना काटा हलू लागला. पाच. नऊ. बारा. मामांनी मान डोलावली. सव्वीस वर्षं हा आकडा त्यांना तोंडपाठ होता.

भाचीने यंत्र आणखी बोटभर सरकवलं.

"पंधरा," ती म्हणाली.

"बारा असेल," मामा म्हणाले. "मी मोजलंय ते."

तिने मागे वळून पाहिलं. यंत्र जागेवर धरून ठेवलं आणि थोडी बाजूला झाली. मामा वाकले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांना काट्याची रेघन् रेघ स्वच्छ दिसत होती. पंधरा. म्हणजे सव्वीस वर्षं जी पट्टी आपण अचूक म्हणून मिरवत होतो, तीही तीन भागांनी कमीच होती. जुन्या कॅमेऱ्याची चकती तिकिटाएवढी, म्हणून खपून गेलं.

"पंधरा," मामा म्हणाले.

बैठकीनंतर पुन्हा खिशात ठेवलेली पट्टी काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. फिटरने वहीत आकडा लिहिला. नवी पट्टी पंधराची कापायची, कॅमेरा सोमवारी पुन्हा चढवायचा आणि तोंडाचा नकाशा दुरुस्त करायचा, असं भाचीने तिथेच ठरवलं. नकाशा तिने सोबत आणलाच होता. तो पेटीवर पसरून तिने मामांपुढे पेन धरलं. मामांनी खालच्या डाव्या बाजूला बाण काढला, पंधरा लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.

भाचीने नकाशा गुंडाळला, यंत्र पेटीत ठेवलं, आणि पेटीची तिसरी कडी लागेना तेव्हा मामांनी झाकण दाबून धरलं.

"उद्या सकाळी वर्कशॉपला ये," ती म्हणाली. "खोटं तोंड मोजायचंय."

"ते बरोबर आहे," असं मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि किती वाजता येऊ, असं विचारलं.