पान बारा

मी महाडला शेती शिकते. तिथे आम्हाला कात्रणवही असते. मासिकांतले शेतीचे लेख कापायचे, चिकटवायचे, की वीस गुण. वाचले का, हे कोण विचारतो? आमच्या वाचनालयातली मासिकं उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतात, आणि त्या उंदरांत मी सगळ्यांत हुशार.

एप्रिलमध्ये लेख मिळाला : 'राब भाजू नका, जमीन होरपळते.' कात्रण घेऊन मी कापड्याला घरी गेले. भाताची रोपं जिथे उगवायची, त्या राबाच्या तुकड्यावर पेरणीआधी पातेरा, म्हणजे वाळका पाला, नि शेण पसरून भाजायची आमच्याकडची रीत. आय पातेऱ्याची ओझी आणत होती; तिला मी लेख वाचून दाखवला.

"तुझा बा भाजायचा गो," ती म्हणाली.

"बाबांना कुठे वाचता येत होतं?"

हे मी बोलले. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं.

आयने ओझं खाली ठेवलं. मग म्हणाली, "छापलंय म्हंजे खरंच आसंल." कात्रण तिने बुद्धाच्या तसबिरीमागे जपून खोचलं. त्या वर्षी राब भाजला नाही.

बाबांचं तांबडं भात आता गावात फक्त आमच्याकडे होतं, तेही पायलीभर बी. आयने ते सगळं पेरलं. रोपांच्या आधी तण वर आलं. उपटताना तणासोबत कोवळी रोपंही हातात यायची. शेवटी शेजारच्या साळूबाईकडून तिची उरलेली संकरित रोपं आणून लावणी केली. आय शेजारणींना सांगायची, "पोरीचं बराबर व्हतं, मीच नीट पेरलं नाय."

जुलैत मी तो अंक पुन्हा काढला. लेखाखालचं 'पुढे पान बारावर' मीच कापून टाकलं होतं, वहीत बसेना म्हणून. पान बारा जसंच्या तसं होतं. न भाजलेल्या राबात ओळीने पेरा, तण वेळेत काढा, आणि पहिल्या वर्षी सगळं बी पेरू नका. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी, तिथेच रडले.

घरी येऊन आयला ते पान वाचून दाखवलं. काही लपवलं नाही. आयने बियाण्याचं रिकामं मडकं पुढ्यात ओढलं.

"तुझा बा बी दरसाल पसाभर बाजूला ठेवायचा," ती म्हणाली. "औंदा मीच नाय ठेवलं. म्हटलं, पोरीनं वाचलंय, मग कशाला?"