मुंडक्याला फुटलेला नारळ

मी रंगनाथ कुंभाराचं चाक बोलतोय. आवाज जरा करकरतो, खुंटी झिजली आहे, त्याला इलाज नाही. आणि पोटात एक आग होती, तीही लपवत नाही.

पालमच्या खाली गंगेकाठी आमचं गाव. गोदावरीला इकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. रंगनाथच्या आजानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं, कडेनं माती थापून जड केलं आणि काठावरच्या लिंबाखाली बसवलं. घागरी, रांजण, पणत्या सगळ्या माझ्यावरच उठल्या.

पण माझा खरा मान मडक्यांमुळे नव्हता. गंगेत कुणी बुडालं की त्याला उचलून माझ्याकडे पळत आणायचे. पालथं घालून गरगर फिरवलं की पोटातलं पाणी पडतं आणि माणूस उठतो, असा साऱ्या पंचक्रोशीचा विश्वास. दत्तराव पाटील पोरवयात असेच माझ्यावरून उठले. तेव्हापासून दर पर्वणीला त्यांच्या घरचा नारळ माझ्यापुढे फुटायचा. जे उठले नाहीत, त्यांच्याबद्दल लोक म्हणायचे, "वेळ भरली होती." खापर माझ्यावर कुणी फोडलं नाही.

मग एका वर्षी दिनकरराव आले. पर्वणीच्या गर्दीत घाटावर जीवरक्षक नेमायचे होते आणि त्यांची परीक्षा घ्यायला जिल्ह्यावरून यांना धाडलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीमुळे एसट्या बंद, म्हणून पालमपासून सायकल मारत आले. परीक्षेसाठी लागणारी माणसाएवढी रबरी बाहुली परभणीलाच राहिली.

परीक्षेला पहिला नंबर गावच्या भुजंगचा. गंगेत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. दिनकररावांनी वाळूचं पोतं डोहात टाकलं, त्यानं बुडी मारून ते वर आणलं. गाव खूश.

"आता समजा हा माणूस आहे," दिनकरराव म्हणाले. "श्वास चालत नाही. काय करशील?"

"चाकावर घालीन, सायेब. रंगनाथमामाच्या."

माझी छाती फुगली. दिनकररावांनी मान हलवली. "नापास."

लोकांत गलका उठला. दत्तराव पुढे झाले. "सायेब, मी सोता त्या चाकावर जगलोय!"

"पाटील, तुमचा श्वास चालू असणार, म्हणून जगलात. श्वास थांबलेल्याला चाकापर्यंत नेता नेता तो जातो. जिथं काढला तिथंच तोंडानं श्वास द्यायचा." मग ते भुजंगला म्हणाले, "पर्वणीच्या आदल्या दिवशी पुन्हा येतो. शिकलास तर घाटावर, नाहीतर घरी."

भुजंगचं तोंड उतरलं. घाट सोडून तो कुठं जाणार? आणि शिकणार तरी कशावर? तेव्हा माझाच धनी, माझा रंगनाथ, बोलला, "सायेब, कसं पायजे ते सांगा. म्या मुंडकं करून देतो."

आणि ते केलं कुणावर? माझ्यावर! मला फिरवून त्यानं पोकळ डोकं उठवलं, हातानं नाक काढलं, तोंड उघडं ठेवलं, खाली मानेची नळी ओढली. भाजून झाल्यावर मानेला शेळीच्या कातड्याची पिशवी बांधली. तोंडातून फुंकलं की पिशवी फुगायची. नाक दाबायला विसरलं तर सगळा वारा नाकातून फुस्स. माझ्याच अंगावर माझा वैरी घडला आणि मी मुकाट फिरत राहिलो. भुजंग रोज लिंबाखाली त्या मुंडक्याच्या तोंडाला तोंड लावून बसायचा. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. मी जळून कोळसा झालो.

दुसऱ्या खेपेला भुजंग पास झाला.

पर्वणीच्या दिवशी दत्तरावांची नात कुसुम पायरीवरून घसरली आणि दिसेनाशी झाली. भुजंगनं उडी टाकली. वर आणली तेव्हा पोर निळी पडली होती, छाती हलत नव्हती.

"चाकावर! चाकावर घ्या तिला!" दत्तराव ओरडले. रंगनाथनं माझ्यावरची ओली घागर हातानं खाली लोटली. मी रिकामा झालो, तयार झालो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आली माझी वेळ, म्हटलं.

पण भुजंग वाळूतच गुडघ्यावर बसला. दत्तराव त्याच्या पाठीत बुक्क्या मारत होते. "आरं मारायलास का माझ्या पोरीला? उचल तिला!" भुजंगनं मान वर केली नाही. पोरीचं डोकं मागं केलं, नाक दाबलं, फुंकर घातली. छाती फुगली, खाली बसली. परत फुंकर. मी इथून बघत होतो. भुजंग, आण तिला, एकदा तरी आण, असं माझं चाललं होतं.

कुसुम खोकली. मग मोठ्यानं रडली. दत्तराव वाळूत बसले आणि भुजंगचे पाय धरायला लागले.

मी रिकामाच राहिलो. त्या वर्षी नारळ मुंडक्यापुढे फुटला. रंगनाथनं त्याला कोनाड्यात बसवलं. बायका हळदकुंकू वाहू लागल्या, शेजारच्या कडूबाईनं तर निवद दाखवला. आणि मी? माझ्यावर कोंबड्या बसायच्या.

पुढच्या वर्षी दिनकरराव पुन्हा आले. सिताराम नावाचा नवा पोहणारा परीक्षेला उभा होता.

"बाहेर काढलं. श्वास नाही. आता?"

सिताराम ताठ होऊन म्हणाला, "मुंडक्यापाशी पळवत न्यायचं, सायेब!"

"नापास!"

काय सांगू, वर्षभराची आग एका क्षणात निवली. मी हसलो की माझी खुंटी करकरली, कुणास ठाऊक. भुजंगनं मात्र कोनाड्यातून मुंडकं काढलं, गंगेत बुडवून हळदकुंकू खसाखसा धुतलं आणि सितारामच्या हातात दिलं.

"देव न्हाई हे. मडकं हाय, शिकायचं. फुंक."

मडकं! म्हणजे माझंच की. माझ्याच अंगावर उठलेलं.

आता मी म्हातारा झालो. तेव्हा ऐका, कुणी बुडालं तर माझ्याकडे पळू नका. त्या मुंडक्याकडेही पळू नका. जिथं काढलंत तिथंच वाळूत गुडघे टेका. आणि माणूस उठून बसल्यावर नारळ फोडायचाच झाला, तर मी इथंच आहे, लिंबाखाली.